तळाची बारीक ओळ : विलानूवच्या पोस्टर संग्रहालयाचे प्रकरण

वॉर्सा शहराच्या दक्षिण टोकाला विलानूवचा जुना राजवाडा आहे. त्याच्या आवारातील घोडेस्वारीच्या शाळेची एकोणिसाव्या शतकातली इमारत १९६०च्या दशकात नव्या रूपात उभी राहिली आणि ४ जून १९६८ रोजी तिथे वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयाची शाखा म्हणून पोस्टर संग्रहालय सुरू झाले. केवळ पोस्टरांना वाहिलेले जगातले हे पहिले संग्रहालय होय. दोनच वर्षांपूर्वी, १९६६ मध्ये, वॉर्सात आंतरराष्ट्रीय पोस्टर द्वैवार्षिकी, म्हणजे दर दोन वर्षांनी होणारे प्रदर्शन, भरू लागली होती आणि तिच्या दुसऱ्या खेपेचा मुहूर्त साधून हे उद्घाटन झाले. आज तिथे पंचावन्न हजारांहून अधिक पोस्टरे आहेत आणि त्यांतली बहुसंख्य पोलिश आहेत.

या संग्रहालयापुढची अडचण पहिल्या दिवसापासून विचित्र होती. पोस्टर ही खळ लावून भिंतीवर डकवायची आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या पोस्टराखाली गाडली जायची वस्तू आहे. ती टिकावी असे ती छापणाऱ्याच्या मनातही नसते. शिवाय साम्यवादी पोलंडमध्ये पोस्टराचे काम देणारे राज्य, ते छापणारे राज्य, त्यावर सेन्सॉरचा शिक्का उमटवणारे राज्य आणि आता ते खणात जपून ठेवणारेही राज्यच होते. अशा स्थितीत जपायचे ते नेमके काय, चित्र की छापील कागद, हा या प्रकरणाचा मूळ प्रश्न आहे. बहुतेक लेखांत उत्तर चित्राच्या बाजूने दिले जाते. माझे लक्ष मात्र कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेल्या एका ओळीकडे जाते, आणि हे सारे प्रकरण मी त्या ओळीच्या आधाराने मांडणार आहे.

त्याआधी ही पोस्टरे इतकी वेगळी का झाली, ते पाहिले पाहिजे. महायुद्ध संपले तेव्हा वॉर्सा ढिगाऱ्यांचे शहर होते. रंगीत म्हणावे असे रस्त्यावर फारसे काही नव्हते आणि मोकळ्या भिंती व कुंपणे मात्र भरपूर होती. १९४५च्या अखेरीस चित्रपट व्यवसाय ‘फिल्म पोल्स्की’ या सरकारी संस्थेकडे गेला. या संस्थेने हेन्रिक तोमाशेव्स्की आणि एरिक लिपिन्स्की यांच्यासारख्या चित्रकारांना चित्रपटांची पोस्टरे करण्याची विनंती केली, तेव्हा नटनट्यांचे चेहरे रंगवण्याचे काम आपण करणार नाही, आपल्या पद्धतीने करू दिले तरच करू, अशी अट त्यांनी घातली आणि ती मान्य झाली. ती मान्य होण्यामागे उदारपणापेक्षा व्यवहार अधिक होता. तिकीटबारीसाठी चढाओढ नव्हती. चित्रपट मोजके येत आणि प्रेक्षक तसेही येतच. पोस्टराने माल विकला नाही तरी कोणाचे नुकसान होणार नव्हते. तोमाशेव्स्की यांना १९४८ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय पोस्टर प्रदर्शनात एकदम पाच पहिली पारितोषिके मिळाली, हे याच अटीचे फळ होते. त्यांचे ‘सिटिझन केन’चे पोस्टर त्याच वर्षीचे आहे.

पुढची काही वर्षे कठीण गेली. १९४९ पासून समाजवादी वास्तववादाचा, म्हणजे कामगार आणि राज्य यांचा गौरव करणाऱ्या सरकारमान्य शैलीचा, दंडक आला आणि ट्रॅक्टर, विटा व उंचावलेल्या मुठी यांचा भरणा झाला. तरीही याच काळात, १९५२ मध्ये, तादेउश त्रेपकोव्स्की यांचे ‘नाही!’ हे पोस्टर निघाले: वरून खाली येणाऱ्या बॉम्बची आकृती आणि त्या आकृतीच्याच आत उद्ध्वस्त इमारत. त्याच वर्षी वोयचेख फांगोर यांनी रने क्लेमां यांच्या एका चित्रपटासाठी रंगवलेल्या पोस्टरापासून पोलिश पोस्टर-परंपरेची खरी सुरुवात मोजणारे अनेक जण आहेत. १९५६ नंतर दंडक सैल झाला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत वाल्देमार श्वेझी, यान लेनित्सा, रोमान चेश्लेविच, फ्रांचिशेक स्तारोव्हेयस्की ही नावे युरोपभर पोहोचली. पहिल्या द्वैवार्षिकीत लेनित्सा यांच्या ‘वोत्सेक’ या ऑपेराच्या पोस्टराला सुवर्णपदक मिळाले. लाल लाटांतून उघडलेले, किंचाळणारे तोंड असे त्याचे रूप आहे. ऑपेराचे नाव माहीत नसलेल्या माणसालाही आतली घुसमट कळावी, इतके ते चित्र बोलके आहे.

आता ती ओळ. चित्रकाराने आपल्या टेबलावर रंगवलेले मूळ चित्र वाग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी प्रकाशनगृहाकडे किंवा चित्रपट वितरणाच्या सरकारी कचेरीकडे जाई. तिथे चित्रकारांचीच समिती ते पाहून मंजूर करी, सुधारायला सांगे किंवा परत पाठवी. त्यानंतर ते मुद्रण नियंत्रणाच्या मुख्य कार्यालयाच्या, म्हणजे सेन्सॉरच्या, नजरेखालून जाई. हे कार्यालय वॉर्सातल्या मिशा या रस्त्यावर होते. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे राहील, पण पोलिश भाषेत या नावाचा संबंध उंदराशी आहे. मंजुरी मिळाल्यावर सरकारी छापखान्यात ऑफसेटवर छपाई होई आणि कागदाच्या तळाशी प्रकाशक, छापखाना, कामाचा क्रमांक, किती प्रती छापल्या तो आकडा आणि सेन्सॉरचे अक्षर-अंकांतले सांकेतिक चिन्ह, एवढे सगळे एका ओळीत येई. आपल्याकडे निवडणुकीच्या पत्रकांवर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता छापावा लागतो, त्याचीच ही अधिक संशयखोर बहीण म्हणता येईल.

ही ओळ चित्रकाराच्या मुस्कटदाबीची खूण होती, यात शंका नाही. परंतु आज एखाद्या कागदाची ओळख पटवायची असेल तर संग्राहकाच्या हाती तिच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नसतो. याचे सर्वांत गमतीदार उदाहरण स्तारोव्हेयस्की यांचे आहे. बरोक काळाच्या प्रेमात पडलेला हा चित्रकार आपल्या कामांवर वळणदार अक्षरांत तीनशे वर्षे मागची तारीख घालत असे. १९७३ मध्ये केलेल्या कामावर १६७३ हे साल दिसते. चित्रावर विश्वास ठेवून नोंद करणारा नवखा नोंदकार येथे हमखास फसतो आणि त्याला वाचवते ती खालची सरकारी, रूक्ष, कसलीही विनोदबुद्धी नसलेली ओळ. थट्टा करणारा चित्रकार आणि थट्टा न कळणारी यंत्रणा एकाच कागदावर शेजारी नांदतात, हे मला त्या काळाचे अगदी नेमके चित्र वाटते.

सर्कसच्या पोस्टरांची गोष्ट याच्या उलट आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला करमणुकीच्या सरकारी महामंडळाने सर्कससाठी चांगल्या चित्रकारांकडून पोस्टरे करून घ्यायला सुरुवात केली. त्यांवर बहुधा ‘त्सिर्क’ एवढाच एक शब्द असे. गाव, दिवस आणि वेळ यांची पट्टी वेगळी छापून ज्या त्या मुक्कामी जोडली जाई. त्यामुळे तेच चित्र अनेक हंगाम चालले आणि लोकप्रिय चित्रे पुन्हा पुन्हा छापली गेली. आज परदेशी बाजारात सर्वाधिक मागणी याच हसऱ्या सिंहांना आणि सायकलवरच्या अस्वलांना आहे. पण ‘पहिल्या छपाईची प्रत’ म्हणून जे विकले जाते ते खरोखर पहिल्या छपाईचे आहे का, हे ठरवताना प्रतसंख्या आणि कामाचा क्रमांक पाहावाच लागतो. दुर्दैवाने चौकटीत बसवताना तळाचा पांढरा समास कापून टाकण्याची सवय घरोघरी होती. चित्र शाबूत राहते आणि पुरावा कचऱ्यात जातो.

विलानूवकडे पोस्टरे आली ती अनेक वाटांनी. राष्ट्रीय संग्रहालयाकडचा साठा हा पाया होता. द्वैवार्षिकीमुळे जगभरची कामे येत राहिली. चित्रकारांनी स्वतःकडच्या प्रती दिल्या. याशिवाय छापील मजकुराच्या प्रती ग्रंथालयांकडे जमा करण्याची सक्ती असल्यामुळे वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि क्राकूवच्या यागिएलोनियन ग्रंथालयात पोस्टरांचा दुसरा, शांतपणे वाढत गेलेला साठा आहे. पोलंडचे ग्रंथपाल पोस्टर, पत्रक, तिकीट, आमंत्रणपत्रिका अशा कागदांना ‘समाजजीवनाचे दस्तऐवज’ म्हणतात. हा शब्दप्रयोग मला ‘कला’ या शब्दापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात निवड करणाऱ्याची आवडनिवड कमी असते.

आवडनिवडीचा मुद्दा इथे गंभीर आहे. ‘पोलिश पोस्टर-संप्रदाय’ या नावाखाली जे दाखवले जाते ते प्रामुख्याने चित्रपट, नाटक, ऑपेरा आणि सर्कस यांचे काम आहे. परंतु त्याच छापखान्यांतून, त्याच कागदावर व्लोजिमियेझ झाक्शेव्स्की यांचे १९४५चे कुप्रसिद्ध पोस्टरही निघाले होते. त्यात नव्या साम्यवादी राजवटीच्या फौजेचा सैनिक धिप्पाड दाखवला आहे आणि जर्मनांविरुद्ध लढलेल्या भूमिगत गृहसेनेला त्याच्या पायाशी थुंकी गळणाऱ्या खुजाचे रूप दिले आहे. गृहसेनेचे अनेक सैनिक त्या वेळी तुरुंगात होते. असा कागद कोणी दिवाणखान्यात लावणार नाही आणि म्हणून खाजगी संग्राहक तो क्वचितच घेतो; तो सांभाळण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थेवरच पडते. कारखान्यातल्या सुरक्षिततेची, कीड मारण्याची, वेळेवर कामावर येण्याची पोस्टरे यांचीही स्थिती बऱ्याच अंशी अशीच आहे. एखाद्या संग्रहात फक्त सुंदर पोस्टरे असतील, तर त्या संग्रहाने त्या राज्याला चांगल्या चालचलणुकीचा फुकटचा दाखला दिला आहे, असेच मी म्हणेन.

उलट बाजूही आहे. संग्रहालय उघडण्याच्या चारच महिने आधी, ३० जानेवारी १९६८ रोजी, वॉर्साच्या राष्ट्रीय नाट्यगृहात एकोणिसाव्या शतकातले पोलिश कवी आदाम मित्स्किएविच यांच्या ‘जादी’ या नाटकाचा शेवटचा प्रयोग झाला. रशियन जुलमावरच्या संवादांना प्रेक्षक नको तितक्या टाळ्या देतात म्हणून सरकारने ते बंद केले आणि त्यातून मार्चमधले विद्यार्थी आंदोलन पेटले. या प्रयोगासाठी चेश्लेविच यांनी केलेले पोस्टर मात्र सेन्सॉरच्या खुणेसह रीतसर छापले गेले होते. नाटक बंद झाले आणि पोस्टर उरले. राज्याने मंजूर करून छापलेला कागद राज्याला नकोशा झालेल्या प्रयोगाची साक्ष देत राहतो, आणि ती साक्ष खरी असल्याचे पुन्हा तीच तळाची ओळ सांगते.

आता कागदाविषयी, कारण जतनाचे नव्वद टक्के काम तिथे आहे आणि त्याविषयी सर्वांत कमी लिहिले जाते. युद्धोत्तर पोलंडमध्ये कागदाची कायम टंचाई होती. पोस्टरांसाठी वापरला जाणारा कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन हा लाकडातला घटक राहिलेला असतो आणि शाई फुटू नये म्हणून दिलेल्या तुरटीयुक्त खळीमुळे तो आम्लधर्मी असतो. असा कागद उजेडात पिवळा पडतो आणि वयाबरोबर ठिसूळ होतो. जुन्या चित्रपट-पोस्टरांचा आकार बहुधा सुमारे ५८ × ८४ सेंटिमीटर, नंतरच्यांचा सुमारे ६७ × ९७ सेंटिमीटर. एवढा मोठा कागद घडी घालून कपाटात ठेवला गेला असेल तर पहिला तडा घडी जिथे घडीला छेदते तिथे, बरोबर मधोमध जातो. अनेकदा तो तडा मागून चिकटपट्टीने सांधलेला असतो. पट्टीचा पापुद्रा काही वर्षांनी सुटतो, पण तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग ठेवतो आणि तो डाग काढणे मूळ फाटका कागद सांधण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

येथे व्यापाऱ्याची आणि संग्रहालयाची वाट वेगळी होते. बाजारात मोठी पोस्टरे कापडावर चिकटवून ताणून घेण्याची पद्धत रूढ आहे. त्याने घड्या सपाट दिसतात, कागद ताठ होतो आणि किंमत वाढते. यासाठी कागद ओला करावा लागतो आणि ऑफसेटच्या सगळ्याच शाया पाणी सारख्याच सोसत नाहीत. शिवाय कागदाची पाठ कायमची झाकली जाते. संग्रहालयाची शिस्त अशी की जे केले ते पुढे कधीतरी उलटवता आले पाहिजे. म्हणून फाटलेल्या जागी पातळ जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, जी पाण्याच्या स्पर्शाने पुन्हा सुटते. आम्ल उतरवण्यासाठी मॅग्नेशियमयुक्त संयुगांचा वापर होतो, पण तोही आधी शाईच्या एका कोपऱ्यावर चाचणी घेऊनच. पुढे आम्लरहित कागदाच्या घडीत, सपाट रुंद खणात, शक्यतो एकावर एक फार थर न रचता ठेवणे. साधारण पन्नास टक्के आर्द्रता आणि तिच्यात चढउतार नाहीत इतपत स्थिर हवा. प्रदर्शनात सुमारे ५० लक्सचा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) मंद उजेड आणि काही महिन्यांनी पुन्हा अंधार. भिंतीवर वर्षानुवर्षे चौकटीत टांगलेल्या पोस्टराचा लाल रंग आधी उडतो, आणि गेलेला रंग कोणत्याही उपचाराने परत येत नाही.

घरात दोन-चार पोस्टरे बाळगणाऱ्याला हे सगळे जमणार नाही, जमण्याची गरजही नाही. पण तीन गोष्टी जमण्यासारख्या आहेत: चिकटपट्टी लावू नये, समास कापू नये आणि पाठ झाकू नये.

१९९० मध्ये सेन्सॉर कार्यालय बंद झाले, सरकारी वितरणाची मक्तेदारी संपली आणि परदेशी चित्रपटांबरोबर निर्मात्यांची तयार पोस्टरे येऊ लागली. चित्रकाराच्या पोस्टराचा मुख्य आश्रयदाता काही वर्षांत नाहीसा झाला आणि नेमक्या त्याच वेळी जुन्या कागदांना बाजारभाव आला. क्राकूवमधल्या खास पोस्टर-दालनांतून आणि वॉर्सातल्या लिलावांतून पोस्टरे परदेशी जाऊ लागली. पोलंडच्या २००३च्या वारसा-संरक्षण कायद्यात पन्नास वर्षांहून जुन्या आणि ठरावीक मूल्याहून महाग मूळ पोस्टरांना निर्यात-परवाना लागतो. त्यामुळे ही मर्यादा दरवर्षी एका वर्षाने पुढे सरकते. विक्तोर गूर्का यांचे नर्तिकांच्या पायांतून स्वस्तिक उभे करणारे ‘कॅबरे’ या चित्रपटाचे पोस्टर १९७३चे, ते २०२३ मध्ये पन्नाशीला पोहोचले. भाव वाढल्यावर पुनर्मुद्रणेही वाढली. त्यांतली बरीच प्रामाणिकपणे पुनर्मुद्रण म्हणून विकली जातात, पण हातोहात फिरता फिरता तो शब्द गळून पडतो. अशा वेळी भिंगाखाली छपाईचे ठिपके पाहणे, कागदाची जाडी आणि पिवळेपणा पाहणे आणि आकार मोजणे हे उपाय आहेतच. तरी पहिली नजर तळाकडेच जाते.

या प्रकरणाला जोडून येते ते १९८९चे पोस्टर, कारण ते यंत्रणेच्या बाहेर जन्मले. वॉर्साच्या ललित कला अकादमीतला विद्यार्थी तोमाश सार्नेत्स्की याने ‘हाय नून’ या वेस्टर्न चित्रपटातला गॅरी कूपर घेतला, त्याच्या हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका दिली, छातीवर सॉलिडॅरिटी या राज्यविरोधी कामगार चळवळीचा बिल्ला लावला आणि खाली लिहिले : भर दुपारी, ४ जून १९८९. पोलंडमधल्या अंशतः मुक्त निवडणुकीचा तो दिवस. मागे येझी यानिशेव्स्की यांनी १९८० मध्ये घडवलेली, खांद्याला खांदा लावून चाललेल्या माणसांसारखी दिसणारी सॉलिडॅरिटीच्या नावाची लाल अक्षरे आहेत. हे पोस्टर इटलीत छापले गेले, दहा हजार प्रती, आणि मतदानाच्या सुमारास शहरांच्या भिंतींवर लागले. विलानूवचे संग्रहालय सुरू होऊन त्या दिवशी बरोबर एकवीस वर्षे झाली होती. तारखेचा हा मेळ निव्वळ योगायोगाचा आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

या कागदाचा प्रवास सरकारी समिती, सरकारी छापखाना आणि मिशा रस्त्यावरचे कार्यालय यांतल्या कशातूनही झाला नाही. त्याची ओळख पटवताना नेहमीचा आधार म्हणूनच अपुरा पडतो. शिवाय हे पोस्टर लगेचच प्रतीक झाल्यामुळे पुढच्या वर्धापनदिनांना त्याच्या असंख्य प्रती निघाल्या आणि मूळ दहा हजारांतली प्रत कोणती हे ठरवणे महत्त्वाचे झाले. मतदानानंतर लोकांनी आठवण म्हणून भिंतीवरून सोलून नेलेल्या प्रती वरकरणी सर्वांत खराब असतात: कोपरे गेलेले, मधे उभ्या चिरा आणि पाठीवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे, त्यांत भिंतीचा चुना किंवा खालच्या पोस्टराचा रंगीत तुकडा अडकलेला. एरवी अशी खळ जतनतज्ज्ञ आधी धुऊन काढतो, कारण ती कागद आखडवते आणि किडीला बोलावते. परंतु अशा प्रतीवर तीच खळ हा कागद त्या दिवशी भिंतीवर होता याचा एकमेव पुरावा असते. म्हणून कड सांभाळण्यापुरती ती मऊ करावी, पाठीचे छायाचित्र घेऊन नोंद करावी आणि बाकीची तशीच राहू द्यावी; पोस्टर चौकटीत लावायचे असेल तर मागेही पारदर्शक फलक घालावा, म्हणजे पाठ पाहायला कागद पुन्हा सोडवावा लागणार नाही.